‘ठेसन’ ते ‘अफलातून’: जोडाक्षरांच्या तडजोडीचा इतिहास

१/ गोंदिया शहराला लागून असलेल्या फुलचूरमध्ये एखाद्या आजोबांनी “ठेसनावर जाऊन येतो” असे म्हटले, तर शाळकरी नातवाला हसू येते. ‘इस्कूल’ कानी पडले, तर अधिकच. हे अशिक्षितांचे उच्चार, असा आपला समज असतो. या उच्चारांची वंशावळ मात्र बगदादपर्यंत पोहोचते. हा धागा तिच्याविषयी. 🧵

२/ प्रारंभ अरबीपासून करू. अभिजात अरबीत शब्दाच्या आरंभी दोन व्यंजने लागोपाठ येऊ शकत नाहीत; पहिल्या व्यंजनानंतर स्वर हवाच. त्यामुळे इंग्रजी शिकणाऱ्या अरबी भाषकाला ‘स्ट्रीट’, ‘फ्लोअर’ हे शब्द अवघड जातात. त्याची जीभ जोडाक्षराला एका स्वराचा टेकू देते.

३/ हा टेकू सर्वत्र एकाच जागी दिला जात नाही. ‘फ्लोअर’चा उच्चार इजिप्तचा माणूस साधारणतः ‘फिलोर’ असा करतो, तर इराकचा ‘इफलोर’ असा. एकाने स्वर मध्ये घातला, दुसऱ्याने आधी. आपल्याकडेही पंजाबात ‘सकूल’ ऐकू येते आणि उत्तर प्रदेश-बिहारात ‘इस्कूल’. अडचण तीच, उपायही तेच दोन.

४/ आता इतिहासाकडे. आठव्या ते दहाव्या शतकांत बगदादमध्ये ग्रीक ग्रंथांची अरबी भाषांतरे झाली. ‘प्लातोन’ या तत्त्ववेत्त्याच्या नावात दुहेरी अडचण होती: अरबीत ‘प’ नाही आणि आरंभी ‘प्ल’ चालत नाही. ‘प’चा ‘फ’ झाला, आधी ‘अ’ आला आणि नाव झाले ‘अफलातून’. फारसीमार्गे ते मराठीत आले. आज आपण एखादी कल्पना ‘अफलातून’ आहे म्हणतो, तेव्हा प्लेटोचेच नाव अरबी उच्चारात घेत असतो.

५/ लॅटिनमधील ‘स्ताबुलुम’ म्हणजे जनावरांचा गोठा. त्यापासून इंग्रजीत ‘स्टेबल’ आला. तोच शब्द ग्रीकमार्गे अरबीत गेला, तिथे ‘इस्तबल’ झाला आणि आपल्याकडे ‘अस्तबल’ म्हणून स्थिरावला. ‘फ्रँक’ लोकांची तर अरबीत दोन्ही रूपे आढळतात: ‘इफ्रंज’ आणि ‘फिरंज’. फारसीतून आलेला आपला ‘फिरंगी’ याच कुळातला.

६/ मग मराठी जिभेने काय केले? तिची अडचण उलट टोकाला होती. अरबीत शब्दाच्या अखेरीस दोन व्यंजने सहज येतात: हुक्म, जुल्म, मुल्क, फिक्र. मराठीने ती फोडली: हुकूम, जुलूम, मुलूख, फिकीर. नवा स्वर कसा निवडला, तेही पाहा. आधी ‘उ’ असेल तर ‘ऊ’, ‘इ’ असेल तर ‘ई’. अक्ल, नक्ल, रक्म यांचे तर व्यंजनही दुणावले: अक्कल, नक्कल, रक्कम.

७/ सगळेच शब्द असे फुटले नाहीत. अर्ज, कर्ज, खर्च तसेच राहिले. माधवराव पटवर्धन, म्हणजेच कवी माधव जूलियन, यांनी १९२५ मध्ये ‘फारशी-मराठी कोश’ प्रसिद्ध केला. तो चाळणाऱ्यास अशी उदाहरणे पानोपानी भेटतील.

८/ या साऱ्या इतिहासाचा सारांश एकाच शब्दात पाहायचा असेल, तर तो शब्द म्हणजे ‘इसम’. अरबीत ‘इस्म’ म्हणजे नाव. त्यातला आरंभीचा ‘इ’ हा निव्वळ टेकू आहे. आधी दुसरा स्वर आला की तो गळतो. म्हणूनच ‘बिस्मिल्ला’मध्ये तो ऐकू येत नाही. अरबांनी या शब्दाला पुढून टेकू दिला. मराठीने ‘स्म’ फोडून मागून दिला. पोलिसांच्या पंचनाम्यातल्या ‘अनोळखी इसमा’वर दोन भाषांच्या जिभांची मोहर आहे.

९/ आता पुन्हा गोंदियाकडे. १८८७ मध्ये बंगाल नागपूर रेल्वे ही कंपनी स्थापन झाली आणि तिच्या काळात गोंदिया मोठे जंक्शन बनले. ‘स्टेशन’ हा शब्द आगगाडीबरोबर या मुलखात रुळला. ‘इस्कूल’ म्हणणाऱ्याने अरबांसारखा टेकू दिला होता. ‘ठेसन’ म्हणणाऱ्याने तिसरी वाट धरली. त्याने ‘स’ टाकला आणि ‘ट’चा ‘ठ’ केला.

१०/ ही वाट आपल्याच प्राकृताची. संस्कृत ‘स्थान’चे ‘ठाण’ झाले, ‘स्कंध’चा ‘खांदा’ झाला. ‘स’ गेला, महाप्राण राहिला. विशेष म्हणजे ‘स्टेशन’चे लॅटिन मूळ आणि संस्कृत ‘स्था’ हे एकाच आदिधातूचे वंशज आहेत. म्हणजे ठाण, स्थानक, स्टेशन आणि ठेसन हे चौघे चुलतभाऊ ठरतात.

११/ आणि ज्यांच्या उच्चाराला आपण प्रमाण मानतो, ते इंग्रज? ‘नाइफ’ आणि ‘नी’ यांच्या आरंभीचा ‘क’ त्यांनी सतराव्या-अठराव्या शतकांच्या सुमारास सोडून दिला. लिहिताना तो अजून लिहितात, उच्चारत मात्र नाहीत. त्याला कोणी अडाणीपणा म्हणत नाही.

१२/ प्रमाण उच्चार अवश्य शिकावा. परीक्षेत आणि नोकरीत त्याचा उपयोग आहे. परंतु ‘ठेसन’ म्हणणाऱ्या आजोबांना हसण्यापूर्वी एवढे स्मरावे की, ‘अफलातून’, ‘हुकूम’ आणि ‘खांदा’ हे शब्दही असेच घडले. तेव्हा त्यांना कोणी हसले असेलही. आज ते शुद्ध मराठी आहेत.