रुग्णालयातील औषधविषयक समस्या (अहिल्यानगर जिल्हा)

रुग्णाला दिलेल्या किंवा द्यायच्या राहून गेलेल्या औषधामुळे उपचारात येणारी बाधा. दुष्परिणाम हा तिचा एक प्रकार झाला. हेप्लर आणि स्ट्रँड या अमेरिकी अभ्यासकांनी १९९० मध्ये मांडलेल्या आठ प्रकारांत गरज असून औषध न मिळणे, चुकीची निवड, कमी किंवा जास्त मात्रा, विनाकारण दिलेले औषध आणि औषधांची आंतरक्रिया यांचाही समावेश होतो.

अहिल्यानगर (२०२४ पर्यंत अहमदनगर) शहरातील जिल्हा रुग्णालय, बूथ हॉस्पिटल, विळद घाटातील विखे पाटील फाउंडेशनचे रुग्णालय आणि लोणीचे प्रवरा ग्रामीण रुग्णालय येथे खेड्यापाड्यांतून रुग्ण येतात. पाथर्डी-शेवगाव भागातील ऊसतोड कामगार हंगामात कारखान्यांच्या तळांवर राहतात. साहजिकच एकाच रुग्णाचे औषध तीन ठिकाणांहून चालू असू शकते, आणि ‘बीपीची गोळी’, ‘शुगरची गोळी’ यापलीकडे त्याला नाव सांगता येत नाही. औषधांचे पाकीट सोबत नसेल तर केसपेपरवरचा पूर्वेतिहास अर्धाच राहतो. बरेचसे घोटाळे इथूनच सुरू होतात. त्यांचा दोष केवळ लिहिणाऱ्या डॉक्टरवर टाकणे अन्यायाचे आहे.

क्षयावरील रिफॅम्पिसिनमुळे ग्लिमेपिराइडसारख्या मधुमेहाच्या गोळ्यांचा परिणाम घटतो व साखर वाढते. क्षयाचा कोर्स संपल्यावर या गोळ्यांची वाढवलेली मात्रा तपासली नाही, तर तीच साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. दम्यासाठी थिओफिलिन घेणाऱ्याला सिप्रोफ्लॉक्सासिन दिल्यास थिओफिलिनचे रक्तातील प्रमाण वाढते. उलट्या, धडधड, क्वचित झटके येतात. मूत्रपिंड मंदावलेल्या वृद्धाला ग्लिबेनक्लामाइड दिल्यास साखर दीर्घकाळ खाली राहू शकते. रक्तदाबाच्या एनालाप्रिल व लघवीच्या गोळीबरोबर दुकानातून आणलेली वेदनाशामक गोळी मूत्रपिंडाला घातक ठरू शकते, आणि ही तिसरी गोळी केसपेपरवर सहसा नसते.

क्लिनिकल फार्मासिस्टचे काम या फटीत आहे. तो वॉर्डात रुग्णाची आधीची औषधे विचारून नव्या चिठ्ठीशी ताडून पाहतो, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची रक्तचाचणी) पाहून मात्रेबाबत डॉक्टरला सुचवतो आणि डिस्चार्जच्या वेळी कोणती गोळी बंद, कोणती चालू हे समजावतो. अंतिम निर्णय डॉक्टरचाच.

भारतात सहा वर्षांचा (त्यात एक वर्ष इंटर्नशिप) फार्म.डी. अभ्यासक्रम २००८ मध्ये आला. रुग्णसमुपदेशनाची जबाबदारी २०१५ च्या फार्मसी प्रॅक्टिस नियमावलीत आहे. सरकारी रुग्णालयातील औषधनिर्माण अधिकाऱ्याचा दिवस मात्र बहुतांशी साठा, नोंदवही आणि खिडकीसमोरच्या रांगेत जातो. वॉर्डातले काम त्याच्याच माथी मारून भागणार नाही. त्यासाठी वेगळे पद लागेल.

दुष्परिणामांची नोंद भारतीय औषध-सतर्कता कार्यक्रमाकडे (२०१०) होते. त्याचे समन्वयन गाझियाबादच्या भारतीय औषधसंहिता आयोगाकडे आहे. डॉक्टर, परिचारिका, फार्मासिस्ट किंवा स्वतः रुग्णही १८००-१८०-३०२४ या निःशुल्क क्रमांकावर संशयित दुष्परिणाम कळवू शकतो. औषधानेच त्रास झाला, हे आधी सिद्ध करावे लागत नाही.