सिमला ऑफिस

पुण्यात शिवाजीनगरला रिक्षावाल्याला ‘वेधशाळा’ सांगण्यापेक्षा ‘सिमला ऑफिस’ सांगितलेलं बरं. हवामान खात्याचं मुख्यालय १९२८ साली सिमल्याहून इथं आलं आणि १९४४ साली दिल्लीला गेलं. नाव मात्र चौकात राहिलं. मी पावसाच्या जुन्या नोंदींवर पीएचडी करते, त्यामुळे त्या दगडी इमारतीवरून जाताना माझे हात नकळत जोडले जातात.

१८६४ साली चक्रीवादळानं कलकत्ता झोडपलं, १८६६ आणि १८७१ साली मान्सूननं दगा दिला, तेव्हा कुठे १८७५ साली हे खातं उभं राहिलं. हेन्री ब्लॅनफर्ड त्याचे पहिले प्रमुख. हिमालयात बर्फ जास्त पडला की पुढचा मान्सून कमजोर, या ठोकताळ्यावर त्यांनी १८८६ साली हंगामाचा पहिला अंदाज दिला. १९०४ साली आलेले गिल्बर्ट वॉकर मुळात गणिती. त्यांनी जगभरचे आकडे जमवले आणि खात्यातल्या भारतीय कारकुनांनी हातानं आकडेमोड केली. पॅसिफिकवर हवेचा दाब चढला की हिंदी महासागरावर तो उतरतो, आणि आपला पाऊस या झोक्याशी बांधलेला आहे, हे त्या कागदांतून उमगलं. त्या कारकुनांची नावं मला एकाही पाठ्यपुस्तकात शिकवली गेली नाहीत, याचं वाईट वाटतं.

माझे बाबा यवतमाळकडे सोयाबीन पेरतात. “पेपरात तं सरासरी गाठली म्हणते, मंग माहं सोयाबीन काऊन सडलं वं बाई?” हा त्यांचा प्रश्न. सरासरी चार महिन्यांची असते. तो पाऊस चार दिवसांत कोसळला की पिकाला त्याचा उपयोग नाही. १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात दूरवर पसरणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीनं वाढल्या, आणि एकूण मोसमी पाऊस मात्र घटला, असं पुण्यात पाषाणला असलेल्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी २०१७ साली दाखवलं. तापलेल्या अरबी समुद्रावरून बाष्पाचे लोंढे येतात. २६ जुलै २००५ला मुंबईत सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, कुलाब्याला ७५सुद्धा नाही. पण त्या एका दिवसावरून हवामान बदललं असं मी म्हणणार नाही. तसं म्हणायला पासष्ट वर्षांच्या नोंदी लागतात, रोज सकाळी साडेआठला कुणीतरी मोजपात्र डोळ्यांसमोर धरून लिहिलेल्या.

एका तालुक्याच्या गावी गेले होते. पर्जन्यमापकावर कडुनिंबाची फांदी आली होती. तिथले तीन वर्षांचे आकडे मला बाजूला काढावे लागले. ती तीन वर्षं आता पुन्हा मोजता येणार नाहीत.

तुमच्या गावात पर्जन्यमापक असेल तर एकदा जाऊन पाहा. त्याच्या डोक्यावर आभाळ मोकळं नसेल, तर ती फांदी तोडायला सांगा.