काशाची वाटी

मागल्या दिवाळीला थोरल्याने पुण्याहून एक खोकं आणलं. आत पाय चोळायचं मशीन. खाली मोटार आणि वर काशाच्या दोन वाट्या. वाटीला तूप लावायचं, खुर्चीत बसायचं, तळवे टेकवायचे आणि बटण दाबायचं. वाट्या गरागरा फिरतात. दुसरं बटण दाबलं की उलट्या फिरतात. रात्रपाळीच्या लाईटीवर उसाला पाणी धरून आलो होतो, बांध तुडवून पाय भरून आलेले. दहा मिनिटांत डोळा लागला. खोटं कशाला बोलू, बरं वाटलं.

पाय उचलले तर तळवे काळेकुट्ट. पोरगं म्हणालं, "आबा, बघा किती उष्णता निघाली अंगातली." माझा ह्यावर विश्वास बसेना. दुसऱ्या दिवशी वाटीला तूप लावलं आणि जुन्या चपलेचा तुकडा धरला. तोही काळा झाला. चपलेच्या अंगात कसली आलीय उष्णता? काशात तांबं असतं, तुपातेलाशी घासलं की त्याचा काळा मळ सुटतो, एवढंच. पाय हलके होतात ते चोळण्यानं.

कासं म्हणजे शंभरात साधारण 78 भाग तांबं आणि 22 भाग कथिल. पितळ पडलं तर चेपतं, कासं पडलं तर फुटतं. म्हणून आमच्या घरात काशाच्या भांड्याला पोरांनी हात लावायचा नाही, असा दंडक होता. चार ताटं, दोन तांबल्या आणि एक वाटी. वाटी तळहातात मावेल एवढी, बुडाला गोल, वापरून गुळगुळीत झालेली. ती जेवायला नव्हतीच. रोज रात्री आई एरंडेल घेऊन त्या वाटीनं आज्याचे पाय घाशी. मी आज्याजवळ निजायचो. वाटीचा तो खसाखसा आवाज ऐकत झोप लागायची. म्हणून मशीन बघून मला आधी आजा आठवला.

1972 चा दुष्काळ पडला तेव्हा मी अकरा वर्षांचा. आमच्या माणदेशात आधीच पाऊस बेताचा, त्या साली तर विहिरीचा तळ दिसला. रेशनवर तांबडी मिलो मिळायची, तिची भाकरी घशाखाली उतरत नसे. गावाबाहेर पाझर तलावाचं आणि रस्त्याचं काम निघालं. रोजगार हमीचा कायदा पुढं 1977 साली झाला. तेव्हा आम्ही त्याला नुसतं 'दुष्काळी काम' म्हणायचो. आई खडी फोडायला जायची. पायात काही नाही. उन्हानं तापलेली खडी, वर कपच्या उडायच्या. सुकडी मिळायची ती पदराला बांधून आमच्यासाठी आणायची.

त्या वर्षी घरातली भांडी एकेक करून कासाराकडं गेली. मोडीत, वजनावर. ताटं गेली, तांबल्या गेल्या, पितळी घागरसुद्धा गेली. वाटी तेवढी राहिली. आज्यानं ती उशाखाली ठेवलेली. दिवसभर हातोडा चालवून आलेली आई चूल पेटवायची, सगळ्यांना वाढायची, आणि मग आज्याच्या पायथ्याशी वाटी घेऊन बसायची. तिच्या स्वतःच्या टाचांना भेगा अशा, की त्यात ज्वारीचा दाणा बसावा. त्या भेगांवर ती बिब्बा तापवून चटके द्यायची आणि ओठ आवळून घ्यायची. हे मी रोज बघत होतो, पण मला त्यात वावगं काही दिसलं नाही. आज्याला नाही, अण्णांनाही नाही.

पुढं ती वाटी कुठं गेली, हे मी कधी विचारलंच नाही. स्टील आलं, घरोघरची तांब्यापितळेची भांडी मोडीत निघाली, तशी आमचीही वाटी गेली असेल असं धरून चाललो होतो. मशीनसमोर बसून आईला म्हणालो, "आपली वाटी आसती तर बरं झालं आसतं, न्हाय? जुनी वस्तू व्हती."

आई आता चौऱ्याऐंशीची आहे. म्हणाली, "मीच मोडली ती."

"कवा?"

"मामंजींचं तेरावं झालं आन् पुढल्या बाजाराला. स्टीलचा डबा घेतला तिच्यावर. त्यो बघ, मिठाचा."

फळीवरचा तो डबा मी चाळीसएक वर्षं बघतोय.

"का गं मोडली?"

"लई घासली म्हून," एवढंच बोलली आणि तोंड फिरवून बसली.

मला वाटलं, आता तरी तिचे पाय मशीनवर ठेवावेत. पण तिला साखर आहे, तळव्यांना मुंग्या येतात, काटा मोडला तरी कळत नाही. डॉक्टर म्हणाले, हे मशीन हिला नको. घासून कातडं सोललं तर तिला समजायचंही नाही, आणि जखम चिघळली तर पायावर बेतेल. म्हणजे ज्या पायांना पहिला मान, त्यांनाच ते चालत नाही. पोरगं हळहळलं. मशीन आता बायको आणि मी वापरतो.

रात्री मी खोबरेल घेऊन आईच्या पायथ्याशी बसतो. हातानंच, हळू चोळतो. मग कुठं लाल झालंय का, काही टोचलंय का, ते बॅटरी लावून बघतो. भेगांच्या जुन्या रेघा अजून बोटाला लागतात. पहिल्या दिवशी तिनं पाय ओढून घेतले होते. आता घेत नाही. पण पाच मिनिटं झाली की तिची भुणभुण सुरू होते, "पुरं आता. लाईट आली आसंल, जा, मोटार चालू कर."

मी उठतो.