भाषा कुणाच्या मालकीची?

दिवाळीच्या अंकात कोर्टाच्या खटल्याची हकिकत म्हणजे फराळाच्या ताटात कारल्याची भाजी, असे कुणी म्हणेल. पण हा खटला एका भाषेचा आहे, म्हणून तो मला सांगावासा वाटतो.

संगणकाकडून काम करून घ्यायचे तर त्याला समजेल अशी भाषा लागते. सन मायक्रोसिस्टिम्स या अमेरिकन कंपनीने १९९५ मध्ये अशी एक भाषा जगापुढे आणली. तिचे नाव जावा. असंख्य लोक ती शिकले. पुढे गूगलने अँड्रॉइड रचताना जावातील आज्ञांची नावे व मांडणी सांगणाऱ्या सुमारे ११,५०० ओळी जशाच्या तशा घेतल्या. त्यांमागची आज्ञावली मात्र नव्याने लिहिलेली होती. २०१० मध्ये ओरॅकलने सन कंपनी विकत घेतली आणि त्याच वर्षी या ओळींवरून गूगलला कोर्टात खेचले.

आपल्या मिसळणाच्या डब्याचेच पाहा ना. वाट्या ठरल्या जागी असल्या की सुगरणीचा हात न बघता हळदीवर जातो. शेजारणीने तशीच मांडणी केली, पण हळद-तिखट स्वतः कुटून भरले, तर ती चोरी का?

न्यायमूर्ती विल्यम ऑल्सप यांनी २०१२ मध्ये 'नाही' म्हटले. २०१४ मध्ये वरच्या न्यायालयाने तो निर्णय फिरवला. अखेर ५ एप्रिल २०२१ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध दोन मतांनी गूगलचा वापर न्याय्य ठरवला.

सनने २००६ मध्ये आपली जावा मुक्त परवान्याखाली खुली करण्यास आरंभ केला होता. पाहा, बदला, वाटा; मात्र बदललेले वाटाल तर याच अटींवर, असा तो परवाना. तो उदार खराच. पण परवाना म्हणजे मालकाने आपल्या अटींवर दिलेले दान. स्वतःच्या कष्टाने नव्याने लिहिण्याला दान कशाला हवे? रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये युनिक्ससारखी संपूर्ण प्रणाली नव्याने लिहून मुक्त करण्याचा संकल्प सोडला. आज्ञांच्या नावांसाठीही मालकाची परवानगी लागती, तर तो संकल्प कागदावरच राहिला असता, असे मला वाटते.

मात्र नावांवर व मांडणीवर स्वामित्वहक्क असतो की नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ठरवलेच नाही. असतो असे वादापुरते धरून निकाल दिला. एक शेजारीण सुटली. दुसरीला कोर्टाची पायरी चढावी लागणार नाही, असे मात्र म्हणवत नाही.