सरपटीपासून टिचकीपर्यंत

सोलापूरच्या शुक्रवार पेठेतल्या बोळात फास्ट बॉलर तयार होणं अवघड आहे. धावत यायला जागाच नाही. एका कडेला लावलेल्या मोटारसायकली, दुसऱ्या कडेला गटार, मधे उरेल ती खेळपट्टी. बॉलर दोन पावलं टाकतो, तिसऱ्या पावलाला चेंडू सोडतो. चेंडू टेनिसचा, स्टंप म्हणजे भिंतीवरच्या कोळशाच्या तीन रेघा किंवा उपडा ठेवलेला डबा. आणि भांडणं ठरलेली. चेंडू जमिनीवरून घसपटत आला तर बॅट्समन ओरडतो, ‘सरपटी चालणार नाय!’ बोळ फारच आखूड असेल तर सगळ्यांनी खालूनच टाकायचं असं ठरतं. मग एखादा हात हळूहळू वर न्यायला लागतो आणि त्यावरून जुंपते. वरून टाकायला परवानगी असेल तर कोपर वाकलं की आरोळी येते, ‘फेकलालास बे!’

सरपटी, हाताची उंची आणि फेकी. गंमत अशी की इंग्लंडातल्या क्रिकेटने जवळजवळ अडीचशे वर्षं याच तीन गोष्टींवर भांडण केलं, आणि तेही याच क्रमाने. गोलंदाजीची कुळकथा सांगायची तर बोळातूनच सुरुवात करायला हवी.

मूळपुरुष म्हणजे सरपटी. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात इंग्लंडात चेंडू जमिनीवरून घरंगळतच टाकत. म्हणूनच त्या काळच्या बॅटी हॉकीच्या काठीसारख्या खाली वळलेल्या दिसतात. घरंगळत आलेला चेंडू झाडायला त्याच सोयीच्या. पुढे कोणाच्या तरी लक्षात आलं की चेंडू हवेतून सोडून टप्पा पाडला तर बॅट्समनला तो कुठे पडणार आणि किती उसळणार याचा अंदाज करत बसावं लागतं. ‘टप्पा’ ही गोष्ट जन्माला आली तशी वाकडी बॅट निकामी झाली आणि सरळ बॅट आली. हात मात्र अजून खालीच होता. १७७५ साली लंपी स्टीव्हन्स नावाच्या गोलंदाजाचा चेंडू एकाच बॅट्समनच्या दोन स्टंपांमधून तीनदा आरपार गेला. तेव्हा स्टंप दोनच असत. फलंदाज शाबूत! हा अन्याय दिसला म्हणून तिसरा स्टंप आला. गोलंदाजाने काही तरी करून दाखवायचं आणि नियमाने मागून धापा टाकत यायचं, ही रीत तेव्हापासूनची.

हात वर जाण्याची कथा तर भाऊबंदकीची आहे. केंटचा जॉन विल्स हात बाजूने फिरवून टाकायला लागला. घरी सराव करताना त्याची बहीण क्रिस्तिना घोळदार घागऱ्यामुळे खालून टाकू शकत नसे, म्हणून तिने हात बाहेरून नेला आणि भावाने ते उचललं, अशी एक कथा आहे. कथा गोड आहे, पण त्या काळात तसे घेरदार घागरे फॅशनमध्येच नव्हते असं अभ्यासक सांगतात, तेव्हा ती गोडीपुरतीच ठेवावी. विल्सचं पुढचं मात्र खरं आहे. १८२२ साली लॉर्ड्सवर अंपायरने त्याला नोबॉल दिला, तेव्हा त्याने चेंडू फेकून दिला, घोड्यावर मांड टाकली आणि तो निघून गेला. त्याची शैली मात्र गेली नाही. ससेक्सच्या विल्यम लिलीव्हाइटने ती लावून धरली आणि १८३५ मध्ये खांद्यापर्यंत हात न्यायला कायद्याने मान्यता दिली.

मग हात खांद्याच्याही वर सरकायला लागला. १८६२ च्या ऑगस्टमध्ये ओव्हलवर एडगर विल्शरला लागोपाठ सहा नोबॉल मिळाले. देणारा अंपायर कोण? जॉन लिलीव्हाइट, त्याच विल्यमचा मुलगा! बापाने ज्या बंडखोरीवर नाव कमावलं, तिच्याच पुढच्या पायरीवर मुलगा दंडुका घेऊन उभा. विल्शर आणि त्याचे व्यावसायिक साथीदार मैदानाबाहेर चालते झाले. दोन वर्षांत, १८६४ साली, नियमच बदलला आणि हात हवा तितका वर नेण्याची मुभा मिळाली. आज आपण ज्याला ‘बॉलिंग’ म्हणतो तिचं कायदेशीर वय एवढंच आहे. खालून टाकणं त्यानंतरही बंद झालं नव्हतं. १९८१ मध्ये मेलबर्नला ट्रेव्हर चॅपलने शेवटचा चेंडू न्यूझीलंडविरुद्ध चक्क सरपटत सोडला, एवढ्यासाठी की षटकारच बसू नये. सगळ्या जगाने नाकं मुरडली. बोळात हे रोज होतं आणि डावही मोडत नाही.

आता आपल्याकडे येऊ. महाराष्ट्रातल्या गोलंदाजीचा पहिला मोठा पुरुष म्हणजे पळवणकर बाळू. घराणं रत्नागिरी जिल्ह्यातल्या पळवणचं, जन्म धारवाडचा, समाज चांभार, वडील लष्करी नोकरीत. पुण्यात गोऱ्यांच्या क्लबात खेळपट्टीवर रोलर फिरवणं, नेट लावणं, या कामाचे त्याला महिन्याला चार रुपये मिळत. नेटमध्ये चेंडू टाकायला तो उभा राहिला आणि डावखुरी संथ फिरकी घडत गेली. जे. जी. ग्रेग हा त्या काळचा नाणावलेला इंग्रज फलंदाज तासभर आधी येऊन त्याच्या चेंडूंवर सराव करी; बाद केलं तर आठ आणे देई असं सांगतात. बॅट मात्र बाळूच्या हाती त्या नेटमध्ये आली नाही. फलंदाजी साहेबाची, घाम बाळूचा.

पण नीट पाहा, त्या अन्यायातून काय झालं. ज्याला बॅट मिळत नाही तो तास न् तास चेंडूच टाकतो, आणि तेही त्या काळच्या चांगल्यातल्या चांगल्या फलंदाजाला. कोणत्याही अकादमीत असा सराव विकत मिळायचा नाही. पुण्याच्या हिंदू संघात जागा मिळाली, तरी चहा त्याला बाहेर, मातीच्या भांड्यात. १९०६ मध्ये मुंबईत हिंदूंनी युरोपियनांना हरवलं त्यात तो होता. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्याने ११४ बळी घेतले. संघ मात्र एकामागून एक सामने हरत होता. अन्यायाचं समर्थन करायचं नाही, पण शैली कुठून येते हे विचारलं तर उत्तर इथे आहे: जे करू दिलं जात होतं, तेच त्याने इतकं केलं की ते त्याचं झालं.

सोलापूरचा या वंशावळीत हक्काचा वाटा आहे. पॉली उम्रीगर २८ मार्च १९२६ रोजी इथे जन्मला. लोकांच्या लक्षात तो फलंदाज म्हणून आहे, आणि ते बरोबरच आहे. कसोटीत भारताकडून पहिलं द्विशतक त्याचंच, १९५५ चं हैदराबादचं. पण तो ऑफस्पिन आणि कटर टाकत असे, आणि कानपूरला डिसेंबर १९५९ मध्ये भारताने ऑस्ट्रेलियाला कसोटीत पहिल्यांदा हरवलं तेव्हा दुसऱ्या डावात २७ धावांत ४ बळी त्याचे होते. दुसऱ्या टोकाला होता जसू पटेल. पहिल्या डावात ६९ धावांत ९, सामन्यात १४. आणि या पटेलचा हात? लहानपणी झाडावरून पडून मोडलेला, त्यामुळे हाताला झटका देत चेंडू सोडण्याची तऱ्हा. एका टोकाला सोलापूरचा धिप्पाड पारशी, लांब बोटांनी चेंडू कापत टाकणारा. दुसऱ्या टोकाला मोडक्या हाताचा अहमदाबादी. त्या दिवशी ऑस्ट्रेलिया १०५ मध्ये आटोपली.

मोडक्या हातावरून चंद्रशेखर आठवणारच. पोलिओने बारीक झालेला उजवा हात, क्षेत्ररक्षण करताना फेकायचं डाव्या हाताने, पण गुगली आणि लेगब्रेक टाकायचे त्याच बारीक उजव्या हाताने, मध्यमगती गोलंदाजाच्या वेगाने. १९७१ मध्ये ओव्हलवर ३८ धावांत ६ बळी घेऊन त्याने वाडेकरच्या भारतीय संघाला इंग्लंडात मालिका जिंकून दिली. कोचच्या पुस्तकातला ‘आदर्श’ हात त्याच्यापाशी कधीच नव्हता.

उलट टोकाचा माणूस बापू नाडकर्णी, नाशिकचा. त्याच्या हाताला काही झालं नव्हतं, त्याच्या शैलीत डोळ्यांना दिसण्यासारखंही काही नव्हतं. खेळपट्टीवर नाणं ठेवायचं आणि त्यावर चेंडू पाडत राहायचं, हा त्याचा सराव. जानेवारी १९६४, मद्रास, समोर इंग्लंड: ३२ षटकं, २७ निर्धाव, ५ धावा, बळी शून्य. लागोपाठ २१ षटकं निर्धाव. बळी न मिळवता इतिहासात गेलेला पहारा! मला तर वाटतं, मुलांना गोलंदाजीचे व्हिडिओ दाखवण्याआधी हे आकडे दाखवावेत. शैली म्हणजे नुसती हात फिरवण्याची तऱ्हा नव्हे, स्वभावही त्यात येतो, आणि चिक्कूपणा हासुद्धा स्वभावच.

या कुळातली अलीकडची शाखा टिचकीची. मेलबर्नचा जॅक आयव्हर्सन दुसऱ्या महायुद्धात न्यूगिनीला लष्करात होता. वेळ घालवायला मधलं बोट दुमडून पिंगपाँगचा चेंडू उडवत बसे. तेच त्याने क्रिकेटच्या चेंडूवर आणलं आणि पस्तिशीत कसोटी खेळून एका मालिकेत २१ बळी घेतले. २००८ मध्ये कराचीला आशिया चषकाच्या अंतिम सामन्यात श्रीलंकेच्या अजंथा मेंडिसने बोटाच्या टिचकीवर सोडलेल्या चेंडूंनी भारताचे ६ बळी १३ धावांत घेतले, तेव्हा कॅरम बॉल हे नाव घरोघरी झालं. पण चेन्नईच्या गल्लीत टेनिस बॉलवर हा चेंडू आधीच टाकला जात होता, आणि आपण तो तिथूनच शिकलो असं आर. अश्विनने सांगितलं आहे. याचं कारणही साधं आहे. टेनिसचा चेंडू हलका, त्यावर शिवण नाही, वाऱ्यावर फार फिरत नाही. मग बॅट्समनला चकवायचं तर बोटांनीच काही तरी करावं लागतं. जागा कमी, वेग नाही, शिवण नाही, अशा ठिकाणी बोटं शहाणी होतात. शुक्रवार पेठेत काय वेगळं आहे?

राहिली फेकी. श्रीलंकेच्या मुरलीधरनच्या हातावरून जगभर इतकं काहूर उठलं की शेवटी वेगवान कॅमेऱ्यांनी सगळ्यांचेच हात तपासले. निघालं असं की जवळजवळ प्रत्येक गोलंदाजाचं कोपर चेंडू सोडताना थोडंफार सरळ होतं. ज्यांना आपण दोरीसारखा सरळ हात म्हणत होतो त्यांचंही. म्हणून २००५ पासून १५ अंशांची मर्यादा सगळ्यांना सारखी आहे. बोळातल्या ‘फेकलालास बे’ला पुरावा म्हणून आता कॅमेरा लागतो.

आपली शैली कशी शोधायची, असं सोलापूरच्या पार्क मैदानावर पोराला घेऊन येणारे आईबाप विचारतात. त्याच मैदानावर २०२४ च्या सुरुवातीला बऱ्याच वर्षांनी रणजी सामने झाले. सोलापूरचाच अर्शिन कुलकर्णी त्या सुमारास भारताच्या १९ वर्षांखालच्या विश्वचषक संघात होता, सलामीला खेळून मध्यमगती टाकणारा. त्यामुळे पालकांच्या आशा वाढल्यात, आणि घाईही. दहा वर्षांच्या पोराचं नाव ‘फास्ट बॉलर’ म्हणून लिहून ते मोकळे होतात.

त्यापेक्षा आधी त्याला दगड भिरकावताना बघावं. मनगट सैल पडून आपोआप वळतं, की बोटं कामाला लागतात, की खांदा पुढे घुसतो? मनगटवाल्याला लेगस्पिन जवळची, बोटवाल्याला ऑफस्पिन किंवा कटर. शरीर आडवं ठेवून टाकणं आणि छाती समोर ठेवून टाकणं, दोन्ही चालतं. कंबर समोर आणि खांदे आडवे, अशी सरमिसळ मात्र पाठीच्या खालच्या मणक्यांना पिळून काढते. वेगवान टाकणाऱ्या पोरांच्या मणक्याला तडे जातात त्याचं हे एक कारण. बदलायची सक्ती फक्त इथे करावी. बाकी घाई नको. श्रीरामपूरच्या झहीर खानने भारताकडून सहा वर्षं खेळून झाल्यावर, २००६ मध्ये वुस्टरशायरला जाऊन धाव आखूड केली, आणि तिथे ७८ बळी घेतले. २०११ च्या विश्वचषकात २१ बळी घेणारा झहीर तो हा दुसरा झहीर.

उन्हाळी शिबिरं भरवणाऱ्या सरांना एवढीच विनंती: पहिला आठवडा पोरांच्या हाताला हात लावू नका. खालून, बाजूने, टिचकीने, जसं टाकतायत तसं टाकू द्या आणि वहीत लिहून ठेवा. आणि ज्या दिवशी पोरगं कंबर दुखते म्हणेल, त्या दिवशी चेंडू काढून घेऊन आधी डॉक्टरला दाखवा.