साडेचार सुतांचा पाना

जुन्या मोटारीची किल्ली फिरवली आणि ती नुसती 'टक्' करून गप्प बसली, तर आधी बॅटरी आणि तिच्या जोडण्या तपासाव्यात. त्या ठीक असल्या की संशय स्टार्टरवर जातो. तो बदलण्याचे काम ऐकायला सोपे. बॅटरीची अर्थची वायर काढायची, स्टार्टरची जाड वायर सोडवायची, दोन-तीन बोल्ट खोलायचे. पण हात बोल्टपाशी गेला की प्रश्न उभा राहतो: पाना कोणता? मला या प्रश्नात दीडशे वर्षांहून अधिक इतिहास दडलेला दिसतो.

स्टार्टरच्या आधी मोटारीला पुढून हँडल मारावे लागे. ते उलटे फिरले तर मनगटच मोडे. अमेरिकेतील डेटन गावच्या चार्ल्स केटरिंग यांनी पूर्वी गल्ल्याच्या यंत्राला विजेची मोटर जोडली होती. त्याच अनुभवातून त्यांचा विजेवर चालणारा स्टार्टर घडला आणि १९१२च्या कॅडिलॅक गाडीत तो बसला. हँडलची सक्ती त्यामुळे सुटू लागली.

बोल्टची गोष्ट याहून जुनी आहे. पूर्वी प्रत्येक कारखान्याचे आटे वेगळे असत. एकाचा नट दुसऱ्याच्या बोल्टवर चढत नसे. १८४१मध्ये इंग्लंडच्या जोसेफ व्हिटवर्थ यांनी ५५ अंशांच्या आट्यांची एकच पद्धत सुचवली. त्या पद्धतीच्या पान्यावरचा आकडा तोंडाचे माप सांगत नाही, बोल्टची जाडी सांगतो. अमेरिकेत १८६४मध्ये विल्यम सेलर्स यांनी ६० अंशांचा आग्रह धरला. पुढे दुसऱ्या महायुद्धात दोन्ही देश एकाच बाजूने लढले, तरी त्यांचे नट-बोल्ट एकमेकांशी जुळेनात. अखेर १९४८मध्ये अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडा यांनी 'युनिफाइड' आटे मान्य केले. त्यांचे माप इंचांतच राहिले, पण पान्यावर आता तोंडाची रुंदी लिहिली जाऊ लागली. युरोपात मिलिमीटर आधीपासूनच रुजला होता.

या सगळ्या पद्धती आपल्या रस्त्यांवर एकत्र आल्या. उत्तरपाड्याची अँबॅसडर ही मूळची इंग्लंडची मॉरिस ऑक्सफर्ड, म्हणून तिच्या जुन्या पेट्रोल इंजिनाला इंची पाने. मुंबईत कुर्ल्याला तयार होणारी फियाट, म्हणजे पुढची प्रीमियर पद्मिनी, मूळची इटलीतल्या तुरिनची. तिला मिलिमीटरचे पाने. गंमत अशी, की १९५६च्या कायद्याने देशाने मेट्रिक मापे स्वीकारली आणि जवळपास त्याच सुमारास इंचांत मोजलेली अँबॅसडर रस्त्यावर आली. पेट्रोल लिटरने मिळू लागले, बोल्ट मात्र सुतातच राहिले. १९९०च्या दशकात याच गाडीत इसुझूचे जपानी इंजिन आले आणि मिलिमीटर तिच्यातही शिरला. म्हणून गॅरेजमधला जाणता फिटर गाडीच्या नावाआधी इंजिन कोणते ते विचारतो.

फरक किती, ते पाहा. बोल्ट तीन सुती, म्हणजे ३/८ इंच जाडीचा. युनिफाइड पद्धतीत त्याच्या डोक्याला ९/१६चा, म्हणजे साडेचार सुतांचा पाना लागतो. त्याचे तोंड सुमारे १४.३ मिलिमीटरचे. तेवढ्याच जाडीच्या मूळ व्हिटवर्थ बोल्टचे डोके सुमारे १८ मिलिमीटरचे. आता साडेचार सुतांच्या डोक्यावर १४चा पाना चढणार नाही, १५चा चढेल पण खेळेल. स्टार्टर इंजिनाच्या बगलेत, अडचणीच्या जागी असतो. तिथे सैल पान्याने जोर लावला की बोल्टचे डोके गोल होते आणि तासाभराचे काम दिवसाचे होते.

जुन्या मॉरिस गाड्यांत तर याहून मोठा घोळ होता. फ्रान्सच्या हॉचकिस कंपनीने पहिल्या महायुद्धात इंग्लंडमध्ये कॉव्हेंट्रीला कारखाना काढला. पुढे तिथे मॉरिसची इंजिने होऊ लागली. यंत्रे फ्रेंच, म्हणून बोल्टचे आटे मेट्रिक. पण इंग्रज कारागिराचा पाना बसावा म्हणून डोकी व्हिटवर्थ मापाची. त्या बोल्टवर पाना बरोबर बसला म्हणून दुकानातून आणलेला नवा बोल्ट बसेलच असे नाही.

तेव्हा क्रम असा ठेवावा. आधी बॅटरी सुटी करावी. मग इंजिनाचे मूळ ओळखावे, बोल्टवरची घाण खरवडून गंज सोडवणारे तेल घालावे, थोडा वेळ थांबावे. फिक्स पान्यापेक्षा रिंग पाना बरा, आणि बोल्ट जाम असेल तर सहा कोनांचा सॉकेट उत्तम. तो कोपऱ्यांवर नव्हे, सपाट बाजूंवर जोर देतो. स्क्रू पाना या कामापुरता पेटीतच राहू द्यावा.

अँबॅसडरचे उत्पादन २०१४मध्ये थांबले. ऑक्टोबर २०२३मध्ये मुंबईच्या टॅक्सींतून पद्मिनीही गेली. गाड्या हौशी लोक जपतात, पण इंची पान्यांचे जुने संच मात्र भंगारात किलोवर जाताना मी पाहतो. असा संच घरात असेल तर तो विकू नका. साडेचार सुतांचा पाना हाती नसला, तर जपलेली अँबॅसडर नुसती उभीच राहील.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)