लंडनचे घर आणि दादरचा छापखाना

लंडनला जाऊन आलेला आपला माणूस हल्ली एक पत्ता हमखास सांगतो : १०, किंग हेन्रीज रोड. १९२१-२२ साली परमपूज्य बाबासाहेब या घरात राहत होते. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सचा अभ्यास आणि ग्रेज इनमधली बॅरिस्टरी, दोन्ही त्याच काळातले. २०१५ साली महाराष्ट्र शासनाने ३० लाख पौंडांहून जास्त रक्कम मोजून हे घर घेतले. १४ नोव्हेंबर २०१५ ला पंतप्रधान मोदींच्या हस्ते स्मारकाचे उद्घाटनही झाले. परदेशातल्या घरावर एवढा पैसा कशाला, असे म्हणणारे तेव्हा निघालेच. थोरांची घरे जपताना इतरांच्या बाबतीत हा हिशेब कोणी विचारतो का?

पण घर विकत घेतले म्हणजे काम झाले, असे नव्हते. राहत्या घराचे संग्रहालय करायचे तर तिथल्या कॅम्डेन कौन्सिलची परवानगी लागते. ती आधी घेतलीच नव्हती! मागाहून केलेला अर्ज ऑक्टोबर २०१८ मध्ये नामंजूर झाला. कारण काय, तर राहण्याची जागा कमी होते. काही शेजाऱ्यांनी गर्दी-गोंगाटाचीही तक्रार केली. लंडनमध्ये घरांची टंचाई आहे, तेव्हा कौन्सिलचे कारण अगदीच पोकळ म्हणता येत नाही. मग अपील झाले, सप्टेंबर २०१९ मध्ये जाहीर सुनावणी झाली आणि मार्च २०२० मध्ये ब्रिटनचे गृहनिर्माण मंत्री रॉबर्ट जेनरिक यांनी परवानगी दिली.

इथे मुंबईत मात्र वेगळेच घडले. २५ जून २०१६ च्या पहाटे दादरचे आंबेडकर भवन आणि बाबासाहेबांचा बुद्धभूषण छापखाना पाडला गेला. इमारत धोकादायक आहे, तिथे नवी मोठी वास्तू उभारायची आहे, असे विश्वस्तांचे म्हणणे. लोक संतापले, जुलैत मुंबईत प्रचंड मोर्चा निघाला, विधिमंडळात गदारोळ झाला. पण पडलेल्या भिंती काही परत आल्या नाहीत.

१९५८ च्या केंद्रीय कायद्यात स्मारकाला किमान शंभर वर्षांची अट आहे. लेण्या त्यात सहज बसतात. बाबासाहेबांनी स्वतः उभारलेल्या वास्तू त्या अटीत कशा बसणार? किंग हेन्रीज रोडवर नुसता घराचा वापर बदलायचा होता, तरी बाजू मांडायला दीड वर्ष मिळाले. दादरला लोक उठायच्या आत काम आटोपले होते.